‘बदलाला विरोध’ : एका रूढ संकल्पनेची चिकित्सा



‘कर्मचारी बदलाला विरोध का करतात?’ हा प्रश्न ‘संघटनात्मक वर्तन’ या विषयाच्या परीक्षेत हमखास विचारला जातो. त्याचे उत्तरही जवळजवळ ठरून गेले आहे. अज्ञाताची भीती, सवयीचा पगडा, नोकरी जाण्याची धास्ती, गैरसमज, गटाचा दबाव असे पाच-सहा मुद्दे लिहायचे आणि पुढे ‘उपाय’ या मथळ्याखाली प्रशिक्षण, संवाद, सहभाग, वाटाघाटी अशी यादी द्यायची. गुण मिळतात.

या पाठात आपण त्या उत्तराकडे जरा संशयाने पाहणार आहोत. उत्तरातले मुद्दे चुकीचे आहेत असे नाही. अडचण प्रश्नातच आहे. ‘विरोध का करतात?’ असे विचारताना आपण तीन गोष्टी न तपासता मान्य करून टाकतो. एक, बदल योग्यच आहे. दोन, तो सुचवणारा व्यवस्थापक शहाणा आहे. तीन, अडथळ्याचे कारण कर्मचाऱ्याच्या मनात आहे. मग व्यवस्थापकाचे काम एवढेच उरते, की ते मन वळवायचे.

ही गृहीतके कितपत टिकतात? त्यासाठी हा विषय ज्या अभ्यासातून पुढे आला, तो मूळ अभ्यासच उघडून पाहू. त्यानंतर आपल्याच देशातला एक प्रसिद्ध प्रयोग पाहू. दोन्ही ठिकाणी कापडाचा व्यवसाय आहे, त्यामुळे तुलना करणेही सोपे जाईल.

१. रूढ मांडणी काय सांगते?

बहुतेक पाठ्यपुस्तकांतली मांडणी जॉन कॉटर आणि लिओनार्ड श्लेसिंजर यांच्या १९७९ च्या लेखावर उभी आहे. त्यांनी विरोधाची चार कारणे सांगितली : संकुचित स्वार्थ, गैरसमज व विश्वासाचा अभाव, परिस्थितीचे वेगळे मूल्यमापन, आणि बदल सहन करण्याची कमी क्षमता. हाताळणीचे सहा मार्गही त्यांनी दिले : शिक्षण व संवाद, सहभाग, साहाय्य व आधार, वाटाघाटी व करार, चलाखीने वळवणे किंवा विरोधकाला आपल्यात ओढून घेणे, आणि उघड वा छुपी सक्ती.

या मांडणीचा मोठा गुण असा, की सगळ्या रोगांवर एकच औषध ती सांगत नाही. वेळ किती आहे, सत्ता कोणाच्या हाती आहे, माहिती कोणाजवळ आहे हे पाहून मार्ग निवडा, असे ती सांगते. पण आता चारही कारणे पुन्हा वाचा. त्यांपैकी तिसरे इतर तिघांपेक्षा वेगळे आहे. ‘परिस्थितीचे वेगळे मूल्यमापन’ याचा सरळ अर्थ असा, की कर्मचाऱ्याला जे दिसते ते व्यवस्थापकाला दिसलेले नाही, आणि कदाचित कर्मचाऱ्याचेच बरोबर आहे. मूळ लेखकांनी ही शक्यता मान्य केली आहे. आपल्या टिपणांत मात्र हे कारण बाकीच्या तिघांच्या रांगेत, एक दोष म्हणून बसवले जाते. ज्याचे म्हणणे बरोबर असू शकते त्याच्यावरही मग आपण ‘उपाय’ शोधू लागतो.

२. हारवुडचा कारखाना : मूळ अभ्यास

लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांचा ‘बदलाला होणाऱ्या विरोधावर मात’ या विषयावरचा निबंध १९४८ साली प्रसिद्ध झाला. हा शब्दप्रयोग व्यवस्थापनशास्त्रात रुळला तो प्रामुख्याने याच निबंधामुळे. अभ्यासाचे ठिकाण होते अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या मॅरियन गावचा हारवुड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना. कामगारांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. मजुरी नगावर मिळे, आणि ताशी ६० नग हे प्रमाण मानले जाई.

कारखान्यापुढची अडचण अशी होती. शैली किंवा पद्धत बदलली, की कामगारांना एका कामावरून दुसऱ्या कामावर हलवावे लागे. हलवलेल्या अनुभवी कामगारांपैकी केवळ ३८ टक्के पुन्हा ६० नगांपर्यंत पोहोचत. बाकीचे ६२ टक्के कायम मागे राहत किंवा नोकरी सोडून जात. कोऱ्या पाटीची नवी कामगार जेवढ्या दिवसांत काम शिके, त्याहून अधिक दिवस या अनुभवी कामगारांना लागत. कंपनीने बदलीसाठी खास भत्ता देऊन पाहिला, युनियनचे सहकार्य मागून पाहिले. फरक पडला नाही.

मग कॉच आणि फ्रेंच यांनी चार गट घेतले. पहिल्या गटात हाताने इस्त्री करणारे १८ कामगार होते. त्यांच्या कामातला बदल ऐकायला क्षुल्लक वाटेल. पूर्वी अर्धा-अर्धा डझन पायजमे पुठ्ठ्यावर रचायचे, आता ते खोक्यात रचायचे, एवढाच तो बदल. त्यासाठी लागणारा जादा वेळ नव्या दरात धरला होता. या गटाला व्यवस्थापनाने बैठकीत बदल सांगितला, दर सांगितला, शंकांना उत्तरे दिली आणि कामाला लावले.

दुसऱ्या गटात पायजम्यांच्या घड्या घालणारे १३ कामगार होते. त्यांना आधी बदलाची गरज पटवून देण्यात आली. दोन सारखेच कपडे त्यांच्यापुढे ठेवले. एक १९४६ साली तयार झालेला आणि दुसऱ्याच्या दुप्पट किमतीला विकला गेलेला, दुसरा १९४७ चा. स्वस्त कोणता ते ओळखा म्हटल्यावर कोणालाच ओळखता आले नाही. खर्च कमी करण्याचा मुद्दा असा डोळ्यांपुढे आल्यावर गटाने आपले प्रतिनिधी निवडले आणि नवी पद्धत व दर ठरवताना ते हजर राहिले.

तिसऱ्या आणि चौथ्या गटांत तपासणीचे काम करणारे अनुक्रमे ८ आणि ७ कामगार होते. तिथे प्रतिनिधी नेमले नाहीत, सगळेच सहभागी झाले. सूचनांचा इतका पाऊस पडला, की त्या टिपून घेताना लघुलेखिकेची तारांबळ उडाली.

निकाल असे लागले. पहिल्या गटाचे उत्पादन घसरले ते फारसे वर आलेच नाही. पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के कामगार नोकरी सोडून गेले, पर्यवेक्षकाशी खटके उडाले, दराविरुद्ध तक्रारी दाखल झाल्या. दुसरा गट दोन आठवड्यांत ताशी ६१ नगांवर आला. तिसरा आणि चौथा गट त्याहून लवकर सावरला आणि बदलापूर्वीच्या पातळीच्या सुमारे १४ टक्के वर गेला. त्यांतल्या कोणीही नोकरी सोडली नाही.

खरी कलाटणी पुढे आहे. पहिल्या गटात उरलेल्या १३ जणांना अडीच महिन्यांनी पुन्हा दुसऱ्या कामावर हलवण्यात आले, पण या वेळी सर्वांना सहभागी करून. तेच ‘विरोधक’ आता झपाट्याने सावरले आणि पूर्वीपेक्षा वरच्या पातळीवर गेले.

३. या अभ्यासाचे नीट वाचन

हा शेवटचा भाग पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही, आणि आला तरी ‘सहभागाचे महत्त्व’ म्हणून येतो. त्यातून खरे तर अधिक मूलभूत गोष्ट सिद्ध होते. माणसे तीच होती, त्यांचे स्वभाव आणि सवयी त्याच होत्या. बदलाची रीत बदलली आणि ‘विरोध’ नाहीसा झाला. विरोध जर स्वभावात असता, तर अडीच महिन्यांत तो कुठे गेला?

आता दराविरुद्धच्या तक्रारींकडे पाहा. तपासणीत दर थोडा सैल, म्हणजे कामगारांच्या फायद्याचाच निघाला. यावरून घाईने म्हणता येईल, की बघा, तक्रार निराधार होती. पण कामगारांच्या जागी उभे राहून पाहा. दर कसा काढला हे त्यांना माहीत नव्हते, तपासण्याचे साधन नव्हते. नगावर मजुरी मिळणाऱ्या माणसाचा हात मंदावला, की त्याच आठवड्यात पगार कमी होतो. शिवाय काल जो कुशल म्हणून ओळखला जाई, तो आज मागे पडलेला ठरतो. अशा वेळी न दिसणाऱ्या हिशेबावर विश्वास ठेवायला नकार देणे याला भीती म्हणता येत नाही, ती सावधगिरी आहे. उलट तिसऱ्या आणि चौथ्या गटांत सगळ्या कामगारांच्या कामाचा अभ्यास करून दर काढला गेला, त्यामुळे तो कुठून आला हे प्रत्येकाला ठाऊक होते.

या अभ्यासाच्या मर्यादाही लक्षात घ्या. गट फार लहान होते. १८ जणांच्या गटात १७ टक्के म्हणजे तीन माणसे. इस्त्री, घडी आणि तपासणी ही कामेही वेगवेगळी, तेव्हा गटांची तुलना निर्भेळ नाही. १९८१ साली बार्टलेम आणि लॉक यांनी या अभ्यासाची फेरतपासणी करून दाखवले, की सहभागी गटांना कारणे अधिक स्पष्टपणे समजली, प्रशिक्षण वेगळे मिळाले आणि दर न्याय्य वाटण्याची शक्यता वाढली. म्हणजे परिणाम निव्वळ सहभागाचा म्हणता येत नाही, दराच्या न्याय्यतेचाही असू शकतो.

याहून मोठी मर्यादा निबंधाच्या चौकटीत आहे. बदल करायचा हे आधीच ठरले होते. कामगारांना विचारले ते ‘कसा करायचा’ एवढेच. ‘करायचा का’ हा प्रश्न बैठकीत कधी आलाच नाही. निबंधाच्या शीर्षकातच ‘मात’ आहे, आणि मात करण्यासाठी समोर प्रतिस्पर्धी लागतो.

कर्ट लेविन यांचा या संशोधनावर मोठा प्रभाव होता. त्यांच्या मांडणीत मात्र विरोध व्यक्तीच्या मनात नसतो. कोणतीही स्थिती ही ढकलणाऱ्या आणि अडवणाऱ्या शक्तींचा समतोल असते, आणि अडवणारी शक्ती वेतनपद्धतीत, कामाच्या रचनेत, व्यवस्थापकाच्या वागण्यातही असू शकते. एरिक डेंट आणि सुझन गोल्डबर्ग यांनी १९९९ साली हेच निदर्शनास आणले, की पुढच्या पाठ्यपुस्तकांनी या व्यापक कल्पनेला आकसून तिचा ‘कर्मचाऱ्याचा मानसिक दोष’ करून टाकला. त्यांच्या मते माणसे बदलाला विरोध करत नाहीत, ती नुकसानीला विरोध करतात : पगाराच्या, प्रतिष्ठेच्या, सोयीच्या. हे वाक्य परीक्षेच्या दृष्टीनेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

४. अहमदाबाद : विरोध नसतानाही अडलेला बदल

आता आपल्या देशातले उदाहरण घेऊ. अहमदाबादच्या साराभाई कुटुंबाच्या कॅलिको मिलमध्ये पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला स्वयंचलित माग बसवण्यात आले. यंत्रे नवी होती, पण अपेक्षेइतके उत्पादन निघेना आणि कापडात दोष फार येत. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस तेथे आले.

रूढ मांडणी हाती घेऊन गेलेला माणूस येथे काय म्हणाला असता? ‘कामगारांनी नवे तंत्र मनापासून स्वीकारलेले नाही, हा छुपा विरोध आहे.’ राइस यांनी मनाऐवजी कामाची रचना पाहिली. एका पाळीत २२४ मागांवर २९ कामगार होते आणि त्यांची कामे तब्बल १२ प्रकारांत विभागली होती. विणकर वेगळे, बॉबिन भरणारे वेगळे, तुटलेले धागे सांधणारे वेगळे, दुरुस्ती, तेल, सफाई यांचे कामगार आणखी वेगळे. प्रत्येक प्रकाराच्या वाट्याला येणाऱ्या मागांची संख्या निराळी, त्यामुळे कोणी कोणाबरोबर काम करायचे याचा मेळ नव्हता. एका मागावर बिघाड झाला, तर तो नेमका कोणाचा, हे ठरवणेच कठीण. माणसे कामसू होती, पण गट नव्हता.

राइस यांनी चर्चेत सुचवले ते असे : लहान गट करा आणि ठरावीक मागांची सगळी जबाबदारी त्या गटाकडे द्या. पर्यवेक्षक आणि कामगारांनी ही कल्पना लगेच उचलून धरली आणि आपले गट आपणच जुळवले. सुरुवातीच्या चढउतारानंतर मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले.

येथे कोणाचेही मन वळवावे लागले नाही. बदल अडला होता तो कामाच्या आराखड्यामुळे. एखादा बदल रुजत नसेल, तर ‘यांना काय झाले आहे?’ असे विचारण्याआधी ‘आपण काम कसे वाटले आहे?’ असे विचारावे, हा या प्रयोगाचा धडा.

मात्र ही यशोगाथाही डोळे मिटून स्वीकारू नका. एरिक मिलर यांनी १९७० साली पुन्हा पाहणी केली, तेव्हा चार विणकाम विभागांपैकी एकातच गटपद्धती पूर्वीसारखी टिकून होती. एका विभागात ती जवळजवळ नाहीशी झाली होती आणि उरलेल्या दोहोंत कमी-अधिक घसरण दिसत होती. चांगला बदलही जोपासना नसेल तर विरतो. याला कामगारांचा विरोध म्हणायचे, की व्यवस्थापनाचे दुर्लक्ष?

५. नुकसान खरेच होणार असेल तर?

आतापर्यंतच्या उदाहरणांवरून एखाद्याला वाटेल, की नीट विचारले आणि नीट आखले म्हणजे प्रत्येक विरोध मावळतो. तसेही नाही.

मुंबईच्या कापड गिरण्यांत १९२८ साली एप्रिल ते ऑक्टोबर असा सार्वत्रिक संप झाला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. संपाच्या मुळाशी असलेल्या कारणांपैकी एक मोठे कारण ‘सुसूत्रीकरण’ हे होते. दोन मागांवर काम करणाऱ्या विणकराने तीन माग सांभाळावेत, अशा स्वरूपाची ती योजना होती. तिथे कामगारांचा काही गैरसमज झाला नव्हता. दोनाचे तीन झाले, तर तेवढ्याच मागांना कमी माणसे लागणार, हा हिशेब कोणालाही करता येत होता. अशा वेळी संवादवर्ग घेऊन काही साधत नाही, कारण दोन्ही बाजूंना एकमेकांचे म्हणणे पुरते कळलेले असते. तेथे हितसंबंधांचा संघर्ष असतो आणि त्याचा मार्ग वाटाघाटींतूनच जातो. भारतीय बँकांच्या संगणकीकरणात पुढे तसेच झाले. यंत्रीकरणाच्या मर्यादा आणि अटी १९८३ व १९९३ च्या करारांत संघटनांशी बोलून ठरवल्या गेल्या.

सहभागाचेही असेच. नॉर्वेतील एका पादत्राणांच्या कारखान्यात फ्रेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हारवुडसारखा प्रयोग केला. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहभागाने उत्पादन लक्षणीय वाढले नाही. कामगारांना ज्या बाबींत सहभागी केले त्या फारशा महत्त्वाच्या नव्हत्या, आणि अशा निर्णयांचा योग्य मार्ग युनियनचा आहे अशी तिथली रूढ धारणा होती. म्हणजे सहभाग हे कुठेही चालणारे तंत्र नाही. तो खरा असावा लागतो, महत्त्वाच्या प्रश्नावर असावा लागतो, आणि लोक ज्याला न्याय्य मानतात त्या मार्गाने यावा लागतो.

६. मग व्यवस्थापकाने काय करावे?

वरील चर्चेतून पुढील पायऱ्या निघतात. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

• आधी ऐका, मग नाव द्या. ‘विरोध’ हा शब्द वापरण्यापूर्वी नेमकी तक्रार काय आहे ते कर्मचाऱ्याच्या शब्दांत लिहून काढा. ‘नवी प्रणाली नको’ यामागे पुष्कळदा ‘नव्या प्रणालीत एक नोंद दोनदा करावी लागते’ असे साधे कारण असते.

• नुकसानीचा तक्ता करा. या बदलात कोणाचा पगार, वेळ, कौशल्य, अधिकार किंवा प्रतिष्ठा कमी होणार? उत्तर ‘कोणाचेच काही नाही’ असे आले, तर आपण नीट पाहिलेले नाही असे समजा.

• कारण तपासून मार्ग निवडा. माहिती कमी असेल तर संवाद, कौशल्य कमी असेल तर प्रशिक्षण, कामाची रचना चुकली असेल तर फेररचना, खरे नुकसान असेल तर भरपाई व वाटाघाटी. नुकसान होत असलेल्या माणसाला प्रशिक्षण देणे म्हणजे भुकेल्याला पाककृतीचे पुस्तक देणे.

• हिशेब उघडा ठेवा. दर, लक्ष्य, मूल्यमापन कसे ठरले ते तपासता आले पाहिजे.

• काय ठरलेले आहे आणि काय मोकळे आहे ते आधीच सांगा. सगळे ठरवून झाल्यावर ‘तुमच्या सूचना सांगा’ म्हणणे ही फसवणूक आहे. ती एकदा उघड झाली, की पुढच्या खऱ्या बैठकीतही कोणी तोंड उघडत नाही.

• स्वतःची योजना बदलण्याची तयारी ठेवा. ही तयारी नसेल, तर आपण सहभाग मागत नाही, होकार मागत आहोत.

चलाखी आणि सक्ती हे मार्ग कॉटर-श्लेसिंजर यांच्या यादीत आहेत, आणि प्रत्यक्षात ते वापरलेही जातात. त्यांच्या धोक्यांचा इशारा त्या लेखकांनीच दिला आहे. सक्तीने काम होते, पण बातमी थांबते. चूक होताना दिसली तरी कर्मचारी गप्प राहतो. संस्थेची मोठी हानी पुष्कळदा या शांततेतच होते.

समारोप

याचा अर्थ प्रत्येक विरोध शहाणपणाचाच असतो, असा नाही. निव्वळ आळस असतो, जुने लागेबांधे जपण्याची धडपड असते, नव्याची भीतीही असते. पण हे निष्कर्ष आहेत आणि ते चौकशीच्या शेवटी यायला हवेत. रूढ उत्तर त्यांना सुरुवातीलाच आणून बसवते, हा त्याच्यावरचा मुख्य आक्षेप.

तुमच्यापैकी बरेच जण दोन-चार वर्षांत नोकरीला लागतील. बदलाचे परिपत्रक बहुधा आधी तुमच्या टेबलावर येईल, ते काढण्याचा अधिकार पुढे कधीतरी. त्या पहिल्या परिपत्रकाच्या वेळी तुम्हाला काय खटकले, कोणी विचारले, कोणी विचारले नाही, हे लक्षात ठेवा. पुढे परिपत्रक काढण्याची पाळी तुमच्यावर आली, की ती आठवण या यादीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

स्वाध्याय

१. हारवुडच्या पहिल्या गटाची दराविषयीची तक्रार ‘निराधार’ म्हणता येईल का? दोन्ही बाजू मांडा.

२. हारवुड आणि अहमदाबाद या दोन प्रयोगांत बदल अडण्याची कारणे कशी वेगळी होती ते स्पष्ट करा.

३. तुमच्या महाविद्यालयात अलीकडे झालेला एखादा बदल घ्या, उदा. हजेरीची किंवा परीक्षेची नवी पद्धत. त्यासाठी नुकसानीचा तक्ता तयार करा आणि प्रत्येक नुकसानीपुढे योग्य मार्ग लिहा.